चार्जिंगची गाडी आणि गावकीचा ठराव

२४ मार्च २०२५

महिपत,

वर 'चिरंजीव' लिहिलं होतं, ते खोडलं. सात वर्षांत एक ओळ न पाठवणाऱ्या थोरल्या भावाने आशीर्वाद धाडले, तर तू पाकीट न फोडताच टाकून देशील. तेव्हा कामाचंच विचारतो. तू वायरमन. पोलादपूर तालुक्यातल्या अर्ध्या घरांची वायरिंग तुझ्या हातची आहे, आणि नागोठण्यातही तू तेच करतोस असं ऐकतो. घरातल्या पंधरा अँपिअरच्या पॉइंटवर एक लहान गाडी चार्जिंगला लावली, तर आख्ख्या गावाची वीज जाईल का? हो की नाही, एवढंच कळव.

गाडी माझी आहे. दिवाळीत घेतली. हायस्कुलातल्या क्लार्कची पेन्शन ती काय असणार, पण हल्ली या चार्जिंगच्या गाड्या आपल्यासारख्यांच्या आवाक्यात आल्यात. हौस म्हणून घेतली नाही. गेल्या श्रावणात तुझ्या वहिनीला पक्षाघात झाला, उजवं अंग गेलं. तुला कळवलं नाही. तिला आठवड्यातून तीनदा महाडला व्यायामाला न्यावं लागतं. एसटी फाट्यावर थांबते आणि वडापच्या जीपची पायरी तिला चढवत नाही. या गाडीत ती आपली आपण बसते आणि उतरते. फेब्रुवारीत तिने उजव्या हाताने कपाचा कान धरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे तुला सांगायला हरकत नाही.

आता गावाचं ऐक. गाडी दारात आली त्या दिवसापासून तिच्याविषयी मत नाही असा माणूस उरलेला नाही. ज्याने जन्मात सायकल घेतली नाही तोही सांगतो, बॅटरी गेली की भंगार. एक म्हणतो, आवाज नाही म्हणजे गाडीत दम नाही. दुसरा म्हणतो, आवाज नाही म्हणून गुरं बाजूला होत नाहीत. दासगावच्या माझ्या साडूच्या घरात एकवीस सालच्या पुराचं पाणी पंख्याला लागलं होतं. तो विचारतो, पुरात हिच्यात करंट उतरला तर? मी म्हटलं, पाणी पंख्याला लागल्यावर तू कुठली गाडी हाकणार होतास? वडापवाला सुनील तर फाट्यावर उभा राहून भविष्य सांगायचा की आंबेनळी घाट चढताना ही मध्येच बसणार आणि कोंडाजी ढकलत आणणार. मी मुद्दाम महाबळेश्वरला नेऊन आणली. चढताना बॅटरी चाळीस टक्के उतरली हे खरं, आणि विकणाऱ्या मुलीने ते सांगितलं नव्हतं हेही खरं. पण घाट उतरताना ती पाच टक्के पुन्हा भरली. हे पारावर सांगितलं तर सगळे हसले. उतारावर टाकी भरते म्हणे, कोंडाजीराव आता कीर्तनाला उभे राहा. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

हसले ते सोसलं. पण शिमग्यात देवीची पालखी तिन्हीसांजेला माझ्या अंगणात उतरली आणि त्याच क्षणी गावची वीज गेली. गाडी पडवीला चार्जिंगला लावलेली होती. झालं. गाडीने करंट ओढला, देवीला अंधारात ठेवलं. तिसऱ्या दिवशी गावकी बसली. मालोजी तात्या अजून गावकीचे म्होरके आहेत. त्यांच्या शेजारी मुंबई मंडळाचा सेक्रेटरी हर्षद बसला होता. ठरलं ते असं की गाडी गावच्या हद्दीत चार्ज करायची नाही, मी देवीसमोर नारळ देऊन माफी मागायची, आणि तोवर माझ्याशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही. पुढच्या शिमग्याला पालखी माझ्या दारात उतरणार नाही.

ज्या बैठकीत मी पस्तीस वर्षं बसलो, त्या बैठकीत मला तोंड उघडू दिलं नाही. माझ्या घरात, माझ्या मीटरवर, माझं बिल भरून मी काय लावायचं ते हे ठरवणार? तू उत्तर दे.

कोंडाजी


६ एप्रिल २०२५

महिपत,

कार्ड मिळालं. 'बिलावर मंजूर भार किती आहे ते बघ.' ना मायना, ना सही. तरी अक्षर ओळखलं.

बघितलं. एक किलोवॅट. गाडी तीनच्या वर घेते. विकणारीने विचारलं नव्हतं आणि बिलं फायलीत लावण्यात जन्म गेलेल्या मी ते वाचलं नव्हतं. चूक माझी. दुसऱ्याच दिवशी भार वाढवण्याचा अर्ज केला. आता नवा मीटर, जाड केबल आणि रीतसर अर्थिंग आहे. ही चूक तुझ्यापाशी कबूल करतो, गावकीपाशी करणार नाही, कारण वीज त्या चुकीने गेलेली नाही.

ती कशी गेली तेही कळलं. लाइनमन रितेश केबल जोडताना हळूच म्हणाला की डीपीचा फ्यूज उडाला तो हर्षदच्या मंडळामुळे. पालखीपुढे हॅलोजन आणि डीजे पाहिजे म्हणून त्यांनी खांबावर आकडे टाकले होते. माझ्या गाडीने फार तर माझ्या घरातला दिवा मंद केला असता. मी म्हटलं, हेच गावकीसमोर बोल. त्याने पाना पिशवीत टाकला. "काका, मलापन याच गावात ऱ्हायचाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी ती हीच. मी नवं बिल घेऊन मालोजी तात्यांकडे गेलो. त्यांनी कागद हातातही घेतला नाही. म्हणाले, प्रश्न लोडचा नाय, तुझ्या ताठ्याचा हाय. मग हर्षदला फोन लावला. नालासोपाऱ्यात राहतो, वर्षातून आठ दिवस गावाला येतो. तो मला समजावतो, "काका, ईव्ही सिटीसाठी असते. आपल्या गावाला ती सूट नाय करत. मंडळाने डिसिजन घेतलाय." म्हणजे शहरात राहणाऱ्याने धूर न करणारी, स्वस्तात चालणारी गाडी वापरायची आणि आम्ही फाट्यावर उभं राहून जीपच्या मागे लोंबकळायचं. गावाला काय सूट करतं हे गाव सोडून गेलेले ठरवणार, आणि त्यांच्या आकड्याचा जाब विचारायचा नाही, कारण आकडा देवीसाठी होता.

तू म्हणशील हायवेवर चार्ज कर. माझ्या स्वस्तातल्या मॉडेलला ते जलद चार्जिंग नाही. सहा तास लागतात. पक्षाघात झालेल्या बाईला सहा तास हॉटेलच्या बाकावर बसवू?

घरी लावली तर केबल तोडू असा निरोप आहे, म्हणून गेल्या आठवड्यात तीनपैकी दोन खेपा चुकल्या. व्यायाम घेणाऱ्या बाई म्हणाल्या, हात आता कुठे जागा होतोय, या दिवसांत खंड पडला तर गेलेलं परत येणार नाही. गिरणीवाल्याने आपले तांदूळ दळायला नाही म्हटलं. सुनीलची जीप मला बघून वेग वाढवते. ज्या गाडीला तो दम नाही म्हणत होता, तिची त्याला एवढी भीती का, तेच कळत नाही. वहिनी विचारते महाडला कधी जायचं. मी सांगतो, गाडी दुरुस्तीला आहे.

कोंडाजी


२० एप्रिल २०२५

महिपत,

तुझं उत्तर नाही. तरी लिहितो. इथे बोलायला माणसं कमी झालीत.

गाडी आता बौद्धवाडीत चार्ज होते. वहाळापलीकडचा त्यांचा डीपी वेगळा आहे आणि गावकीचा हुकूम तिथे चालत नाही. मी मागायला गेलो नव्हतो. तुझ्या वहिनीला, बयाबाईला, हाताला धरून फाट्याकडे चालवत नेत होतो, तेव्हा त्या वाडीतल्या धोंडूची सून आम्रपाली मागून आली. ती पोलादपूरच्या शाळेत शिकवते. आम्हाला तिने सावलीत बसवलं आणि म्हणाली, आमच्याकडे पॉइंट आहे, भार पाच किलोवॅटचा मंजूर आहे, तुमचा एक सबमीटर लावा. मी म्हटलं, बरं, अंधार पडला की आणतो. त्यावर ती म्हणाली, "काका, आणायची तर उजेडी आणा. लपवून आणणार असाल तर नको." लाज वाटली आणि रागही आला. गाडी उजेडी नेली. पारावरून सगळे बघत होते.

चौदा तारखेला वाडीत जयंती होती. रीतसर तात्पुरतं कनेक्शन घेऊन वाडीभर रोषणाई केली होती आणि माझी गाडी त्याच दिवशी सहा तास लावलेली होती. एक दिवा मिणमिणला नाही. हे मी पारासमोर उभं राहून मोठ्याने सांगितलं. मान वळवून कुणी बघितलं नाही.

चार्जिंग होईस्तोवर मी धोंडूच्या ओट्यावर बसतो. ओट्याला लागून नळ आहे. पाणी तुझ्या विहिरीचं. सात वर्षांपूर्वी तू ही लाइन त्यांना दिलीस तेव्हा गावकी उठली होती, गावाला न विचारता दिलीच कशी म्हणून. तू म्हणालास, विहीर माझी, पाणी माझं. पुढचं तुला मी सांगायला नको. तू गाव सोडल्यावर आपल्या लोकांनी तो पाइप दोनदा तोडला आणि त्यांनी दोनदा जोडला, हे तुला ठाऊक नसेल. पहिल्या दिवशी धोंडूने तांब्या पुढे केला आणि माझ्याकडे बघत राहिला. "म्हैपतचा पानी हाय. प्या." प्यालो. त्या घरचं पाणी सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा प्यालो. आणि मी स्वतःला सुधारलेला माणूस म्हणवत होतो.

तिथेही मतं आहेतच. धोंडूला वाटतं गाडी बरी, पण सीट खाली, म्हाताऱ्याला उठताना जड. आम्रपाली स्वतः घ्यायच्या विचारात आहे. तिने मला बॅटरीची हमी किती वर्षांची, कागदावर काय लिहिलंय आणि बारीक अक्षरात काय लिहिलंय, इतकं विचारलं की विकणारी मुलगी पळून गेली असती. मला आवडलं. शोरूमात मी यातलं काहीच विचारलं नव्हतं.

पण मग ती भलतंच विचारून बसली. "तुमच्या भावाच्या वेळी पोलिसांना ठरावाचा कागद सापडला नाही म्हणतात. ठराव तर गावाला पाठ होता. मग कागद गेला कुठे?"

मी म्हटलं जुनी गोष्ट आहे, मला आता आठवत नाही. गाडी सत्तर टक्क्यांवरच काढून घरी आणली. पॉइंट दिला म्हणून कुणी घरच्या गोष्टी उकराव्यात का? तिला काय अधिकार? हे मी वाटेत गाडीत मोठ्याने बोललो. शेजारी बयाबाई होती.

कोंडाजी


३ मे २०२५

महिपत,

तुझं दुसरं कार्ड. 'ठराव लेखी घे. लेखी नसलं की काय होतं ते मला माहीत आहे.'

आठ दिवस ते खिशात घेऊन फिरतोय. आधी तुझ्यावर चिडलो. मग तू सांगितलंस तसं करायला मालोजी तात्यांकडे गेलो. म्हटलं, मला वाळीत टाकलंय ना, मग तो ठराव लिहून द्या, सह्या करून द्या, मी वर दाद मागतो. तात्या अंगणात भाताच्या कणग्या सारवत होते. हात न थांबवता म्हणाले, "लेखी? लेखी आमी आता काय ठेवत नाय. ते तूच शिकवलास."

खरं आहे ते. मीच शिकवलं.

आता ऐक. कागद होता. माझ्याकडे होता. आजही आहे, पेन्शनच्या फायलीत, शेवटच्या पाकिटात. अक्षर माझं. गावकीत सुवाच्य अक्षर माझंच, म्हणून लिहायचं काम नेहमी माझ्याकडे यायचं. 'महिपतच्या घरी कोणी जाऊ नये, त्यास मयतास व लग्नास बोलावू नये, देवीची पालखी त्याच्या अंगणात उतरू नये.' तात्यांना तुझी शेतजमीनही पडीक ठेवायला लावायची होती, ते कलम मी वाद घालून गाळलं. सात वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मी भावाची शिक्षा हलकी केली. खाली अकरा सह्या आहेत. पहिली मालोजीची, दुसरी माझी.

तुझ्या तक्रारीवरून पोलीस चौकशीला आले तेव्हा तू समोर उभा होतास. त्यांनी सरळ विचारलं, असा काही ठराव लिहिला आहे का? मी म्हटलं, आमच्यात असलं काही लिहीत नाहीत. तू माझ्याकडे बघितलंस. तुला माहीत होतं. माझ्या हाताला लागलेली शाई तू त्या बैठकीच्या संध्याकाळीच बघितली होतीस. तरी पोलिसांसमोर तू मला खोटं पाडलं नाहीस. पुराव्याअभावी तक्रार मिटली आणि दोन महिन्यांनी तू घराला कुलूप लावलंस. पोलीस गेल्यावर गावकी हादरली होती, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की यापुढे ठराव तोंडी ठेवा, कागद हा आपला वैरी. त्याच शहाणपणाने आज माझा गळा धरलाय.

महिनाभर मी तुला लिहितोय की माझ्यावर अन्याय झाला, मला बोलू दिलं नाही, गिरणीवर दळण घेतलं नाही. तुझं दळण कोण घेत होतं, हे मी एकदा तरी विचारलं का? माझ्याकडे निदान गाडी आहे आणि वहाळापलीकडे एक पॉइंट आहे. तुझ्या वेळी मी शेजारच्या घरात होतो आणि दार लावून घेत होतो.

क्षमा माग, असं मन म्हणतं. पण कागद दडवून ठेवून क्षमा मागणं म्हणजे दुसरी लबाडी. आधी कागदाचं काय करायचं ते ठरवतो.

कोंडाजी


१४ मे २०२५

महिपत,

मालोजी तात्या काल घरी आले होते. ज्या घराशी कुणी व्यवहार ठेवायचा नाही, त्या घरात ते स्वतः येऊन बसले. त्या कागदासाठी मी वकिलाकडे गेल्याचं त्यांना कळलं होतं. बोलणं गोड होतं. गाडी घरी चार्ज करायला गावाची हरकत नाही, माफीही नको, नारळ आम्हीच देऊ, गिरणी उद्यापासून सुरू, पुढच्या शिमग्याला पालखी आधी तुमच्या दारात. फक्त तो जुना कागद त्यांच्या हातात द्यायचा. चूल पेटलेली आहेच, इथेच काय ते होऊन जाऊ दे, असं म्हणाले.

मी लगेच नाही म्हटलं असं लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. विचार करत बसलो. पाऊस तोंडावर आहे. वहाळ चढला की बौद्धवाडीत गाडी नेता येणार नाही, चार महिने वहिनीचा व्यायाम बंद. घरचा पॉइंट मिळाला तर एक खेप चुकणार नाही. तिच्या हातापुढे तो जुना कागद मला खरंच लहान वाटायला लागला होता. मी उठून फाइल काढली. पाकीट हातात घेतलं.

बयाबाई खाटेवर होती. झटक्यापासून तिचं बोलणं तुटक येतं, चार शब्दांना फार वेळ लागतो. तात्या थांबले, मीही थांबलो. ती म्हणाली, "भावजींचा हाय तो. त्यांना दे."

तात्यांनी तिला समजावलं, वहिनी, तुमच्याच हातासाठी बोलतोय. तिने उजवा हात उचलला, जेवढा उचलतो तेवढा, आणि दाराकडे केला. तात्या चपला घालून गेले. हा हात त्या व्यायामाने आलाय आणि पहिल्या कामाला तिने तो असा लावला.

कागद या पाकिटात आहे, अस्सल. प्रत मी आज पोलिसांत दिली आणि जबाब लिहून दिला की अक्षर माझं, दुसरी सही माझी, आणि मागे चौकशीत मी खोटं बोललो. महाडचे वकील सांगतात, तुझ्यावरचा बहिष्कार कुणी उठवलेला नाही, यंदाही पालखी तुझं कुलूप ओलांडून गेली, म्हणजे गुन्हा अजून चालू आहे आणि तक्रार आजही करता येते. माझ्या गाडीवरून माझी तक्रार वेगळी केली आहे. तिचं काय व्हायचं ते होवो. गावाला चार्जिंगची गाडी पसंत नसेल तर त्यांनी ती घेऊ नये, पण माझ्या मीटरवर त्यांचा हुकूम चालणार नाही, एवढं मी लिहून दिलंय.

मला आत टाकलं तर बयाबाईची सोय केली आहे. आम्रपाली दोन आठवडे माझी गाडी चालवून बघतेय. म्हणते, क्लच नाही म्हणून बरं. वहाळ चढेपर्यंत ती नेईल. पुढचं पुढे बघू. तू येऊन ने, असं म्हणायचा मला हक्क नाही.

जुनी तक्रार मात्र मला उघडता येत नाही. ती तुझ्याच सहीने उघडते. अर्ज सोबत जोडलाय. बाकी सगळं मी भरलंय, फक्त आरोपींच्या नावांची जागा कोरी ठेवली आहे, ती तुझ्या हाताने भरायची. त्या दिवशी पोलिसांसमोर तू मला वाचवलंस. आता वाचवू नकोस. मालोजीच्या आधी माझं नाव लिही.

तुझा,
दादा